दहा दिवसांचे बाळ आणि दहा गुणांचा प्रश्न

गेली बरीच वर्षे आमच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न आलटून पालटून येत राहिला आहे : 'आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय शिक्षण घेण्याची प्रेरणा कशी मिळाली ते लिहा.' गुण दहा. उत्तर ठरलेले. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, वैद्यकीय उपचारांअभावी तो दहा दिवसांत गेला, त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय जन्माला आला. ज्याने हे तीन टप्पे ओळीने लिहिले त्याला आम्ही आठ गुण देत आलो. हस्ताक्षर चांगले असेल तर नऊ.

आम्ही दोघी वसईच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात वाडवळ, आगरी, कोळी, भंडारी, सामवेदी अशा घरांतली मुले असतात, ख्रिस्ती घरांतली पुष्कळ असतात, आणि अलीकडे नालासोपारा-विरारच्या नव्या वस्त्यांतून येणारी, घाटावरची आणि विदर्भातलीही. मागच्या सत्रात हा प्रश्न वर्गात सोडवून घेत असताना गावठाणातली एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, माझ्याआधी माझा एक भाऊ झाला होता. नऊ दिवस होता. माझी आई त्यामुळे काहीच झाली नाही." वर्गात कोणी हसले नाही. आम्ही, शिक्षकांना सुचते तसे, "प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते" असे काहीतरी म्हणालो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळलो. वळलो खरे, पण ते वाक्य आमच्याबरोबर घरी आले. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या वाक्यात आहे.

त्याच सुमारास आम्ही क्लोई झाओ यांचा 'हॅम्नेट' (२०२५) पाहिला. मॅगी ओफॅरेल यांच्या २०२० सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. शेक्सपिअरचा अकरा वर्षांचा मुलगा हॅम्नेट १५९६ च्या ऑगस्टमध्ये वारला. स्ट्रॅटफर्डच्या नोंदवहीत ११ ऑगस्टला त्याच्या दफनाची नोंद आहे; मृत्यूचे कारण कोठेही नाही. त्यानंतर चार-पाच वर्षांच्या आत 'हॅम्लेट' रंगभूमीवर आले. या दोन घटनांमध्ये दस्तऐवजांच्या दृष्टीने काहीही नाही, एक नावाचे साम्य तेवढे आहे. कादंबरी आणि चित्रपट ती मोकळी जागा भरून काढतात. शेवटी ग्लोब नाट्यगृहात ॲग्नेस रंगमंचाला खेटून उभी राहते, समोरच्या राजपुत्रात तिला मुलगा दिसतो, ती हात पुढे करते. आमच्यापैकी एक या प्रसंगी रडली. दुसरी रडली नाही, ती परतीच्या वाटेवर म्हणाली, "म्हणजे नवऱ्याच्या दुःखाचे नाटक झाले आणि बायकोच्या दुःखाचा प्रेक्षक झाला." या वाक्यावरून आमचे भांडण झाले, आणि ते अद्याप पुरते मिटलेले नाही. मात्र त्यातून एक प्रश्न दोघींसमोर सारखाच उभा राहिला. मूल गेलेल्या जोडप्याचे दुःख चरित्रनाट्याला हवे असते ते दुःख म्हणून, की पुढच्या कर्तृत्वाचे कारण म्हणून?

हा प्रश्न इंग्लंडच्या सोळाव्या शतकावर सोडून देण्याजोगा नाही. आपल्याकडे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण कल्याणचे आहे, आणि कल्याण आम्हांला दिव्याला गाडी बदलली की गाठता येते.

समीर विद्वांस दिग्दर्शित 'आनंदी गोपाळ' १५ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. आम्ही तो त्याच आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना घेऊन पाहिला. ललित प्रभाकर आणि भाग्यश्री मिलिंद यांची कामे उत्तम आहेत, इरावती कर्णिक यांचे संवाद काळाचे भान ठेवूनही बोजड होत नाहीत, आणि पुढे सामाजिक विषयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही योग्यच होता, असे आमचे मत आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत ते चित्रपट वाईट आहे असे सुचविण्यासाठी नव्हे. तो चांगला आहे म्हणूनच त्याने रूढ केलेली समजूत टिकाऊ ठरते. बाळाचा मृत्यू हा चित्रपटाचा वळणबिंदू आहे. त्याआधी शिक्षण ही नवऱ्याची जबरदस्ती असते, त्यानंतर ते बायकोचे ध्येय होते. पटकथेच्या दृष्टीने हे बिनतोड आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीपासून मराठी वाचकाच्या मनातही हेच वळण पक्के झालेले आहे. आमच्या प्रश्नपत्रिकेतले तीन टप्पे त्याच परंपरेतले.

आता आनंदीबाई स्वतः काय म्हणतात ते पाहू. अमेरिकेला जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, त्यांनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, विद्यार्थी दरवर्षी हा घोळ करतात) महाविद्यालयाच्या सभागृहात भाषण केले. वय सतरा, अठरावे पुरे व्हायचे होते. लोक जे प्रश्न सतत विचारीत ते त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात सोय नाही का? एकटीच का? परतल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? त्या उत्तरांत कारण सांगितले आहे ते असे की, या देशात हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज वाढते आहे, आणि ती भागविण्यासाठी आपण पुढे येत आहोत. दहा दिवसांच्या बाळाचा त्यात उल्लेख नाही. समोरच्या सभेला हेलावून सोडण्याची याहून सोपी युक्ती दुसरी नव्हती. भाषणाला आलेल्यांत अनुकूल थोडे, कुतूहलापोटी आलेले अधिक. एका वाक्यात सभागृह आपल्या बाजूला ओढता आले असते. ते वाक्य त्यांनी उच्चारले नाही.

संकोच म्हणावे, तर आनंदीबाई संकोची नव्हत्या. अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी नवऱ्याच्या वागणुकीचा हिशेब वर्षांसकट मांडला आहे : दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांचा मार, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. मीरा कोसंबी यांच्या लेखनामुळे हे पत्र अभ्यासकांच्या नजरेत आले. आम्ही ते पुन्हा वाचले तेव्हा चौदाव्या वर्षापाशी थबकलो. बाळाचे वर्ष तेच. त्या वर्षाचा जमाखर्च मांडताना बाई शिक्षा आठवतात आणि बाळ आठवत नाहीत? आठवत नसेल असे मानायला आमचे मन तयार नाही. ते या हिशेबात मांडण्याजोगे त्यांना वाटले नसावे, इतकेच म्हणता येईल.

आणि तरीही. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वैद्यकात विषय शेकडो आहेत. त्यांनी निवडला तो बाळंतिणीच्या खोलीचा. येथे दहा दिवसांचे बाळ आहे असे ज्याला वाटेल त्याला वाटू द्यावे; आम्हांलाही वाटते. पण प्रबंधातही ते नाव घेऊन येत नाही. भाषणात गैरहजर, पत्राच्या हिशेबात गैरहजर, विषयाच्या निवडीत कदाचित हजर. दुःख माणसाच्या आयुष्यात बहुधा अशाच रीतीने राहते. चित्रपटाला मात्र ते बोलके लागते, कारण-परिणामाच्या साखळीत नेमक्या जागी ओवलेले लागते. दोन तास पंधरा मिनिटांत आयुष्य बसवायचे तर साखळी हवीच, हे आम्हांला कळते. पण वर्गात आम्हांला दोन तास पंधरा मिनिटांची अट कोणी घातली होती?

'आनंदी गोपाळ' या नावाकडे एकदा नीट पाहावे. मधे 'आणि' नाही. दोन माणसांची नावे शेजारी शेजारी आहेत असेही वाचता येते, आणि मराठी रीतीप्रमाणे बाईचे नाव, पुढे नवऱ्याचे नाव, असे एकाच व्यक्तीचे नाव म्हणूनही. जोडप्याचे दुःख म्हणताना आपण असाच 'आणि' गाळतो. मूल दोघांचे गेले म्हणून दुःख एकच, असे गृहीत धरतो. गोपाळरावांचे काय झाले? ते आनंदीबाईंहून सुमारे वीस वर्षांनी मोठे, टपालखात्यातले कारकून, हट्टी, विक्षिप्त, बायकोला शिकवायचे या एका कल्पनेने झपाटलेले. बाळ गेले तेव्हा त्यांनी काय केले, हे चरित्रकारांना फारसे विचारावेसे वाटले नाही. मराठी साहित्यात बापाच्या शोकाला जागा मुळातच थोडी.

पुढच्या शोकाविषयी मात्र थोडे बोलता येते. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर अवकाश होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागाची नेमणूक मिळाली होती, ती कागदावरच राहिली. गोपाळरावांनी त्यांची रक्षा गंगेला नेली नाही, नाशिकला नेली नाही. अमेरिकेत ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी आनंदीबाईंना लेकीसारखे सांभाळले, त्यांच्याकडे ती पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवलेली आहे, वर शिळा आहे. चित्पावन घरातल्या बाईची राख ख्रिस्ती दफनभूमीत. गोपाळरावांच्या एका कृतीत त्यांचे सारे चमत्कारिकपण आणि, आम्हांला वाटते, सारे दुःख आहे : ही बाई आपल्यापेक्षा त्यांची अधिक होती, हे त्यांनी न बोलता मान्य केले.

त्यानंतरचे गोपाळराव चरित्रनाट्याच्या काहीच कामाचे नाहीत. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्या मंडळींना त्यांनी जमवले, तेथे चहा-बिस्किटे आली, आणि नंतर हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. मग ग्रामण्य, प्रायश्चित्त, शंकराचार्यांपर्यंत वाद. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण विनोदी चवीने सांगतात. आम्हांला अलीकडे ते तितके विनोदी वाटत नाही. बायको गेल्यानंतर तीन वर्षांनी एक विधुर सबंध शहराची खोड काढतो. त्यातून काहीही उभे राहत नाही, संस्था नाही, ग्रंथ नाही. हे दुःखापोटी झाले असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हटले तर ज्या सवयीविरुद्ध लिहीत आहोत तीच आमच्या हातून घडेल. एवढेच म्हणतो की, ज्याच्या दुःखातून काही निपजले नाही त्याच्यावर पडदा लौकर पडतो.

येथे आमच्यापैकी जी ग्लोबच्या प्रसंगी रडली होती तिने आक्षेप घेतला. तिचे म्हणणे असे : दुःखातून काही घडतच नाही असे थोडेच आहे? टिळक दांपत्य पाहा ना.

आक्षेप रास्त आहे. निर्मिती करणारे जोडपे म्हणून मराठीत नाव घ्यावे तर रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंचेच. वसईच्या वर्गात ही दोन्ही नावे परकी नाहीत. टिळक ९ मे १९१९ रोजी गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवटच काय, दहा-अकरा अध्यायांपलीकडे गेलेले नव्हते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, चौसष्ट अध्यायांची भर घालून. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही, जिला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने नवऱ्याच्या काव्यापेक्षा पाचपटीहून अधिक काव्य त्याच ग्रंथात लिहिले. याला शोकातून निर्मिती म्हणायचे नाही तर कशाला?

म्हणावे. पण ती कशी झाली तेही पाहावे. लक्ष्मीबाई १८६८ च्या, म्हणजे आनंदीबाईंपेक्षा तीनच वर्षांनी लहान. आनंदीबाईंना एकवीस वर्षे मिळाली, लक्ष्मीबाईंना सदुसष्ट. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हाची ताटातूट, लहानपणीच गेलेली काही अपत्ये, मग वैधव्य, हे सगळे पचवून 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने छापून येऊ लागली. त्या पुस्तकात दुःखांना रांगेत उभे केलेले नाही. मरणाच्या प्रसंगाला लागून स्वयंपाकघरातली फजिती येते, टिळकांच्या रागाला लागून त्यांचा भोळेपणा येतो. अमुक दुःखामुळे मी कवयित्री झाले, असे बाई कोठे सांगत बसत नाहीत. 'ख्रिस्तायन' पुरे करणे हे त्यांच्या लेखी राहिलेले काम पुरे करणे होते. घरात एकाने निवडायला घेतलेले तांदूळ दुसऱ्याने निवडून ठेवावेत तसे. विजया मेहता यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी 'स्मृतिचित्रे'वर चित्रपट केला, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या. तो आमच्या स्मरणात राहिला आहे तो मोठ्या वळणबिंदूंसाठी नव्हे. घर चालू राहते, एवढेच त्यात दिसत राहते.

तेव्हा आमचा वाद दुःख आणि निर्मिती यांच्या नात्याशी नाही. ते नाते 'म्हणून' या एका शब्दात सांगण्याशी आहे. मूल गेले म्हणून डॉक्टर. मुलगा गेला म्हणून 'हॅम्लेट'. हा 'म्हणून' वाचणाऱ्या बाईला काय सांगतो? तुझेही गेले ना, मग तू काय केलेस? आमच्या विद्यार्थिनीने वर्गात तेच ऐकले. तिच्या आईच्या नऊ दिवसांचे काहीच झाले नाही, म्हणजे ते वाया गेले, असे आमच्या आदर्श उत्तरातून निघत होते. आम्ही दहा गुणांसाठी ते वीस वर्षे लिहवून घेत होतो.

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तिने आम्हांला गावातल्या चर्चच्या दफनभूमीत बोलावले. संध्याकाळी सगळ्या कबरी झेंडूशेवंतीने भरलेल्या होत्या, मेणबत्त्यांनी हवा गरम झाली होती, मुले वितळलेल्या मेणाचे गोळे करीत होती. कोपऱ्यात लहान मुलांची जागा आहे. तिच्या आईने तेथे एक मेणबत्ती लावली, वाऱ्याने विझली, पुन्हा लावली, ओंजळीचा आडोसा धरून थोडा वेळ बसल्या. मग उठून आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, उशीर होईल तुम्हांला. घरी चला, चहा घेऊन जा." चहा घेताना त्यांनी वांग्याच्या भावाविषयी तक्रार केली. तीस वर्षे त्या दरवर्षी ही मेणबत्ती लावीत आहेत. यावर कोणी चित्रपट काढणार नाही. काढायचा झाला तर पटकथालेखकाला पुढचा प्रसंग सुचणार नाही.

या सत्राची प्रश्नपत्रिका परवा परीक्षा विभागाकडे द्यायची आहे. जुना प्रश्न आम्ही काढून टाकला. त्या जागी 'श्रीरामपूरच्या भाषणात आनंदीबाई कोणती कारणे देतात, आणि कोणती देत नाहीत?' असा प्रश्न एकीने सुचवला. दुसरीचे म्हणणे, न दिलेल्या कारणांचे आदर्श उत्तर कोण लिहून देणार, आणि तपासताना गुण कसे द्यायचे? हे लिहीत असताना तरी दहा गुणांची ती जागा कोरी आहे.